इंग्रजीच्या बाई आणि मुलींचा संघ

(हीरक महोत्सवी क्रीडा-पारितोषिक वितरण समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



परप्रांतात मराठी शाळा साठ वर्षे कशी टिकली, याविषयी माझ्याहून अधिकारी मंडळी बोलणार आहेत. आजचा दिवस मैदानाचा आहे. म्हणून मी एका परक्या देशातील स्पर्धेविषयी बोलते. तिचा आपल्याशी काय संबंध, ते ओघात येईलच.

अमेरिकेत काही विद्यापीठे एकत्र येऊन खेळांसाठी एक गट स्थापतात. त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. (आपल्याला या शब्दासरशी ठराव आणि चहा-बिस्किटे आठवतात, ती तूर्त बाजूला ठेवू या.) बास्केटबॉलमध्ये हे संघ हिवाळाभर आपसांत खेळतात आणि हंगामाच्या शेवटी एकाच शहरात बाद पद्धतीची स्पर्धा होते. हरला तो घरी गेला. अखेरपर्यंत जिंकेल त्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. हंगामभर धडपडलेल्या संघाला येथे कोरी पाटी मिळते. मात्र हंगामभर अजिंक्य राहिलेल्या संघाची पाटीही तितकीच कोरी होते.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स हा असाच एक नामांकित गट. त्याची पुरुषांची स्पर्धा १९५४ साली सुरू झाली आणि महिलांची १९७८ साली. मध्ये चोवीस वर्षे गेली. मुलींना खेळता येत नव्हते म्हणून नव्हे. अनेक महाविद्यालयांत त्यांचा संघच नव्हता. १९७२ साली तेथे एक कायदा झाला. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद चालणार नाही, असे सांगणाऱ्या त्याच्या मूळ वाक्यात अवघे ३७ शब्द आहेत आणि त्यांत खेळाचा उल्लेखही नाही. तरीही मैदानाची दारे मुलींसाठी उघडू लागली ती त्याच्याच बळावर.

या स्पर्धेच्या इतिहासातील एका बाईंची मला विशेष ओढ आहे, कारण त्या मूळच्या आपल्याच व्यवसायातल्या. के याऊ त्यांचे नाव. शाळेत असताना त्या उत्तम खेळत. महाविद्यालयात मुलींचा संघ नसल्याने खेळ तिथेच थांबला. १९६४ साली इंग्रजीची पदवी घेऊन त्या नॉर्थ कॅरोलायनातील हाय पॉइंट येथील एका शाळेत नोकरीसाठी गेल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी अट घातली : इंग्रजी शिकवा, पण मुलींच्या बास्केटबॉल संघालाही शिकवावे लागेल. वेळापत्रकात रिकामा तास दिसला की मुख्याध्यापकांच्या मनात काय येते, हे येथे बसलेल्या शिक्षकवर्गाला मी सांगायला नको! त्या जादा कामातून एक आयुष्य घडले. १९७५ पासून त्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षक होत्या आणि त्यांच्या संघाने ही कॉन्फरन्स स्पर्धा चार वेळा जिंकली.

मला सांगायचे आहे ते मात्र न जिंकलेल्या वर्षाविषयी. १९८७ साली त्यांना स्तनांच्या कर्करोगाने गाठले होते. पुढच्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी अमेरिकेच्या महिला संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे रोग उलटला. २००६-०७ च्या हंगामात उपचारांसाठी त्यांना सोळा सामने सोडावे लागले. जानेवारीत त्या परतल्या. मुलींनी बुटांना गुलाबी नाड्या बांधल्या आणि संघाचा नूरच पालटला. मार्चमध्ये ग्रीन्सबरोला स्पर्धा भरली. बाईंचे जन्मगाव आणि त्यांची ती पहिली शाळा, दोन्ही तेथून जवळच. उपान्त्य सामन्यात समोर ड्यूक विद्यापीठ होते. देशात पहिल्या क्रमांकावर, हंगामात एकही पराभव नाही. बाईंच्या मुलींनी तो सामना ७०-६५ असा जिंकला.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्या हरल्या. चषक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने नेला. याऊबाई २००९ च्या जानेवारीत गेल्या; त्या हंगामातही प्रकृतीने साथ दिली तोवर त्या संघाबरोबर होत्या.

पालकहो, आता आपल्या मैदानाकडे वळते. सातवीत आपल्याकडे खेळणाऱ्या मुली पुष्कळ असतात. नववीची दिवाळी झाली की त्या एकेक करून दिसेनाशा होतात. शिकवणी असते, संध्याकाळ होते, लोक काय म्हणतील असते. मुलगे मात्र दहावीच्या सराव परीक्षेपर्यंत खेळतात आणि त्यांचे गुण घसरतील म्हणून रडवेली झालेली आई माझ्या कार्यालयात क्वचितच येते. आपल्याकडे मुलींना कोणी बंदी केलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेथील चोवीस वर्षेही काही सगळी बंदीने भरलेली नव्हती; बरीचशी नुसती कोणाच्या लक्षात न आल्यामुळे निघून गेली.

काळजी असते, हे मी जाणते. घरी परतायला अंधार होतो, ही तक्रार रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. मुलींचा सराव संध्याकाळऐवजी शाळा भरण्यापूर्वी, सकाळी सहा ते सात होईल आणि आपल्या इंग्रजीच्या बाई पूर्ण वेळ मैदानावर राहतील. त्यांनी हे काम आपण होऊन मागितले, अट घालावी लागली नाही. माजी विद्यार्थ्यांनी देऊ केलेल्या निधीतून जुना, गंजलेला खांब बदलून घेत आहोत.

आठवी ते दहावीच्या मुलींची नावे शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. दहावीच्याही.