घाटाचा हिशेब

सायकल हे सपाट रस्त्याचे वाहन आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कचेरीत किंवा बाजारात जाणारा मनुष्य वाटेत मोठा चढ लागला की खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलीत नेतो. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. मग आल्प्स पर्वताच्या खिंडी सायकलवरून ओलांडावयाच्या, आणि त्याही मागे आठ-दहा किलो सामान बांधून, हा बेत पुष्कळांना वेडेपणाचा वाटावा यात नवल नाही. परंतु दर वर्षी जून ते सप्टेंबर या महिन्यांत अगणित सामान्य स्त्रीपुरुष हा प्रवास सुखरूप करतात. त्यांत साठी उलटलेलेही असतात. ते सारेच काही पहिलवान नसतात. पर्वताच्या पायथ्याशी येण्यापूर्वी घरच्या मेजावर त्यांनी एक हिशेब मांडलेला असतो, आणि त्या हिशेबात स्वतःच्या शक्तीचा आकडा त्यांनी फुगवलेला नसतो, एवढेच.

या प्रवासाचा सर्वांत नामांकित मार्ग फ्रान्समध्ये आहे. जिनिव्हा सरोवराच्या काठावरील तोनों या गावी तो सुरू होतो आणि सुमारे 700 किलोमीटरांनंतर भूमध्य समुद्राच्या काठी संपतो. फ्रान्सच्या पर्यटन मंडळाने, म्हणजे ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ने, या रस्त्याची कल्पना 1909 च्या सुमारास हाती घेतली, पण इझेरां खिंडीचा रस्ता 1937 साली खुला झाला तेव्हाच तो खऱ्या अर्थाने पुरा झाला. या खिंडीची उंची 2764 मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटरांवर थांबते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उंचीची थोडी कल्पना येईल. आणि इझेरां ही त्या वाटेवरची एकच खिंड नव्हे. कोलोंबियेर, आराव्ही, रोझलां, गालिबिये, इझोआर, व्हार अशा लहानमोठ्या पंधरांहून अधिक खिंडी एकामागून एक पार कराव्या लागतात.

नवखा प्रवासी येथे पहिली चूक करतो ती नकाशा पाहताना. तो किलोमीटर मोजतो. सपाटीवर दिवसाला 100 किलोमीटर सहज जातो, तेव्हा 700 किलोमीटरांना सात दिवस पुरेत, असे त्याचे गणित असते. डोंगरात मात्र अंतर हे माप गौण ठरते. तेथे मोजावयाची ती उंची. सामान घेतलेला, बेताच्या प्रकृतीचा सायकलस्वार तासाला साधारण 400 मीटर उंची चढतो. हे माप हाती धरून गालिबिये खिंडीचा एक दिवस पाहू. दरीतील सें-मिशेल गाव 712 मीटरांवर आहे आणि खिंड 2642 मीटरांवर. वजाबाकी केली तर चढ 1930 मीटर येतो. पण वाटेत 1566 मीटरांवर तेलेग्राफ नावाची दुसरी खिंड आहे. ती चढून गेल्यावर रस्ता व्हालुआर गावाकडे दीडशे मीटरांहून अधिक खाली उतरतो, आणि कष्टाने मिळविलेली ती उंची पुन्हा चढावी लागते. खरा चढ म्हणून सुमारे 2100 मीटर होतो. तासाला 400 मीटर या हिशेबाने सव्वापाच तास निव्वळ चढाईचे, आणि विसावा व खाणेपिणे धरून साडेसहा तास. अंतर म्हणाल तर अवघे 35 किलोमीटर! सकाळी सहाला निघालेला प्रवासी साडेबाराला खिंडीत पोहोचेल. दहाला निघालेला साडेचारला. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर पुष्कळदा ढग जमतात आणि विजांसह वादळ होते. म्हणजे या साध्या गुणाकार-भागाकारातून केवळ वेळापत्रक निघत नाही. उघड्या खिंडीत विजेखाली सापडावयाचे की दुपारचे जेवण पलीकडच्या गावात करावयाचे, याचा निर्णय त्यातून निघतो.

दुसरा हिशेब सायकलच्या दात्यांचा. तासाला 400 मीटर उंची शेकडा 8 च्या चढावर गाठावयाची, तर वेग तासाला 5 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 83 मीटर पडतो. गुडघ्यांना इजा होऊ नये म्हणून पॅडलचे मिनिटाला निदान 60 फेरे व्हावेत. तेव्हा पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 1.4 मीटरच पुढे गेली पाहिजे. चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर असतो. अर्थात पॅडलचा एक पूर्ण फेरा होताना मागील चाक दोन-तृतीयांशच फिरावे. पुढे 24 आणि मागे 36 दाते असले म्हणजे हे साधते. याउलट पुढे 44 आणि मागे 18 दात्यांची, एकाच गतीची नेहमीची सायकल पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यास 5 मीटर धावते. त्याच चढावर, त्याच वेगाने तिच्या पॅडलचे मिनिटाला अवघे सोळा फेरे होतील, आणि प्रत्येक फेऱ्याला साऱ्या देहाचा भार पॅडलवर टाकावा लागेल. असा प्रवासी तासाभरात खाली उतरतो, आणि दोष पर्वताला देतो.

आज इतके उघड वाटणारे हे गणित एके काळी मोठ्या वादाचा विषय होते. फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ या प्रख्यात शर्यतीचे चालक आंरी देग्रांज यांना गती बदलण्याच्या यंत्राचा मनापासून तिटकारा होता. मनुष्याने स्नायूंच्या बळावर जिंकावे, यंत्राच्या युक्तीवर नव्हे, असे त्यांचे मत होते. 1911 साली त्यांनी शर्यत प्रथमच गालिबियेवरून नेली, तेव्हा एमिल जॉर्जे हा स्वार सर्वांआधी वर पोहोचला. पण बहुतेक नामांकित वीरांना त्या चढावर सायकल हाताने ढकलावी लागली.

दुसऱ्या बाजूला सेंत-एतियेन शहरातील पॉल द व्हिव्ही हे गृहस्थ होते. त्यांचा जन्म 1853 चा. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत. 1887 साली त्यांनी सायकलविषयक नियतकालिक काढले आणि 1930 साली मृत्यू येईपर्यंत एकच गोष्ट सांगितली : सामान्य माणसाने दूरचा व उंचावरचा प्रवास करावा, आणि त्यासाठी सायकलला अनेक गती असाव्यात. ते स्वतः शाकाहारी होते आणि उतारवयातही लांबलांबचे पल्ले मारीत. प्रवाशांसाठी त्यांनी काही नियम घालून दिले. विसावे थोडे व आखूड घ्यावेत. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे. थकून भूक मरेल इतके कधीही थकू नये. पण त्यांतील सर्वांत मोलाचा नियम हा, की केवळ अहंकारापायी पॅडल मारू नये. देग्रांज आणि व्हेलोसिओ यांचा वाद वरकरणी दात्यांचा होता. खरे पाहता तो या नियमाचा होता. आपली मर्यादा आधी ओळखून तिची तजवीज करणे हा कमीपणा आहे की शहाणपणा? तूर शर्यतीने साखळी बदलणाऱ्या यंत्रास अखेर 1937 साली परवानगी दिली. इझेरांचा रस्ता खुला झाला तेही हेच वर्ष.

अहंकार सामानातही शिरतो. ‘असू द्यावे, लागेल’ म्हणून घेतलेला प्रत्येक किलो प्रत्येक खिंडीच्या माथ्यावर स्वतःच्या पायांनी न्यावा लागतो. म्हणून जाणता प्रवासी बांधाबांध झाल्यावर सर्व सामान पुन्हा जमिनीवर मांडतो आणि त्यातले पुष्कळसे कपाटात परत ठेवतो. मात्र काही वस्तूंवर तो कात्री चालवीत नाही : पावसाचा अंगरखा, पूर्ण बोटांचे हातमोजे, जादा ट्यूब, पंप, ब्रेकचे गुटके आणि थोडे खाणे. कारण उंची दर 1000 मीटर वाढली की हवेची उष्णता साधारण साडेसहा अंशांनी उतरते. दरीत 25 अंश असताना गालिबियेवर 12-13 अंश असतात. त्यात चढताना अंग घामाने भिजलेले, आणि उतारावर वारा झोंबणारा. नवख्याला वाटते, चढ संपला, संकट संपले. वस्तुतः धोका तेथून सुरू होतो. बोटे गारठली की ब्रेक दाबता येत नाही. ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो. म्हणून वळणाच्या आधी, थोडा थोडा, आलटून पालटून ब्रेक वापरावा, आणि उताराचा वेळही घाईचा धरू नये.

हिशेबाचे शेवटचे कलम माघारीचे. इझेरांसारख्या खिंडी हिवाळाभर बर्फाखाली असतात आणि बहुधा जूनच्या मध्यास मोकळ्या होतात. म्हणून प्रवासाचा महिना हौसेने नव्हे, रस्ता उघडण्यावरून ठरवावा लागतो. उन्हाळ्यातही एखादा दिवस हिमवृष्टी होऊन वाट बंद पडू शकते. बूर्ग-सें-मोरिस, मोदान, सें-मिशेल, ब्रियांसों या गावांना रेल्वेची स्थानके आहेत. त्यांच्या नावांखाली नकाशावर घरूनच रेघ मारून ठेवावी, आणि दर तीन-चार दिवसांमागे एक दिवस मोकळा सोडावा. ज्याने माघारीचा रस्ता आधी नोंदलेला असतो त्याला ऐन वेळी माघार घेताना लाज वाटत नाही. ज्याने नोंदलेला नसतो तो पराभवाच्या भीतीने पुढे जातो, आणि अंधार व पाऊस त्याला खिंडीतच गाठतात.

गालिबियेच्या बोगद्याजवळ देग्रांज यांचे स्मारक 1949 सालापासून उभे आहे. आज त्याच्यासमोरून सामान लादलेले प्रौढ प्रवासी लहान लहान दात्यांवर, पायी चालण्याच्या वेगाने, पण पाय न टेकता वर जातात. माथ्यावर पोहोचल्यावर छायाचित्र घेण्यापूर्वी अनुभवी मनुष्य एक जुना उपाय करतो. खालच्या गावात विकत घेतलेले वर्तमानपत्र तो उघडतो, त्याची पाने सदऱ्याच्या आत छातीवर नीट पसरतो आणि गुंड्या लावून उताराला लागतो. कागद वारा अडवतो आणि वजनाला काहीच नसतो. ते वर्तमानपत्र घ्यावयाचे, हेही त्याने घरीच लिहून ठेवलेले असते.