पर्यायी शेर

गझल दुसऱ्याकडून तपासून घ्यायची रीत इंटरनेटच्या कितीतरी आधीची. उर्दूत तिला इस्लाह म्हणतात. शागिर्दानं गझल पाठवायची, उस्तादानं शब्द बदलून परत करायची. गालिब दिल्लीहून हरगोपाल तफ्ता यांच्या रचना टपालानं दुरुस्त करत आणि अमुक शब्द का खटकला तेही कळवत. मराठीत सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि नवोदितांना पाठवली. पत्रागणिक तेच ते समजावत बसण्यापेक्षा हे बरं.

१९९६ साली ‘मायबोली’ सुरू झाली, मागोमाग इतर मराठी संकेतस्थळं आली आणि सगळेच सगळ्यांचे उस्ताद झाले. कवितेच्या धाग्यावर बहुधा ‘आवडली’, ‘पु.ले.शु.’ (पुढील लेखनास शुभेच्छा) एवढ्यावर भागतं. गझलेच्या धाग्यावर मात्र लोक बाह्या सरसावून उतरतात, कारण तिथं चूक बोट ठेवून दाखवता येते. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘जळते’ आणि ‘कळते’ घेतलंत, तर पुढं ‘ढळते’ चालेल, ‘वळते’ चालेल. ‘मिळते’ आणलंत की अलामत, म्हणजे यमकाच्या समान अक्षरांआधीचा ठरलेला स्वर, भंगली. ‘एवढी सूट चालते हो’ म्हणणारा एखादा हटकून उगवतो, पण कवी कितीही चिडला तरी ‘ळ’च्या आधीचा स्वर काही बदलत नाही!

खरा भडका उडतो पर्यायी शेरावरून. ‘दुसरी ओळ अशी करून पाहा’ म्हणत कुणी स्वतःची ओळ लिहितो आणि कवी विचारतो, तुम्हाला उस्ताद नेमलं कुणी? प्रश्न रास्त आहे. तफ्ता आपणहून गालिबकडे गेले होते; इथं दार उघडं दिसलं की माणसं थेट माजघरापर्यंत येतात.

तरीही मी पर्यायी देणाऱ्यांच्या बाजूचा. वृत्त तेच हवं, काफिया (यमक) तोच हवा आणि कवीला म्हणायचंय तेही तेच राहायला हवं. या शेवटच्या अटीत बरेच जण नापास होतात: लगावली (लघु-गुरूंचा क्रम) सांभाळता सांभाळता स्वतःचाच खयाल घुसवतात. पण जमलेला पर्यायी शेर मूळ शेराखाली लागला, की एक शब्द मागं-पुढं केल्यानं काय होतं ते लख्ख दिसतं. ते कवीला नाही पटलं तरी चालेल. गालिबचं पत्र एकट्या तफ्तांच्या नावचं असे. इथली झटापट कधीही तोंड न उघडणारे वाचनमात्र आयडीही वाचतात आणि त्यातले काही पुढं गझल लिहू लागतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. अलामत निर्दोष, वृत्त चोख आणि शेर मात्र मेलेला, अशी गझल आली की हेच कडवे लोक गप्प बसतात. तंत्राची चूक सापडली नाही, म्हणजे बोलायचं काय? ‘सफाईदार’ ही दाद त्या धाग्यांवर मिळते ती बहुतेक अशाच गझलांना.