गृहोद्योग आणि हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी धुळे येथे केलेले भाषण)

भगिनींनो,

‘व्यवसायाचे व्यवस्थापन’ ह्या विषयावर मी बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. शब्द भारदस्त आहे. परंतु एकाच्या कमाईत सात माणसांचे घर चालवून शिवाय एखादे लग्न निभावून नेणाऱ्या बाईला त्यातले काम नवे नाही. येत्या चैत्रापासून मंडळाने पापड-बिबड्यांचा विभाग काढावा, असा ठराव आपल्यापुढे आहे. भांडवलासाठी एका सद्गृहस्थांनी देणगी देऊ केली आहे, आणि ती घ्यावी की नाही ह्यावर आपल्यात दोन तट पडले आहेत. तेव्हा पुस्तकातली तत्त्वे बाजूला ठेवून मी एक घडलेले उदाहरणच सांगते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट ह्या त्यांतल्याच एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल होते ८० रुपये, आणि तेही छगनलाल करमसी पारेख ह्या समाजसेवकांकडून उसने आणलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी आरंभीच ठरवून टाकले होते. आज ‘लिज्जत’ म्हणून आपण ओळखतो ती हीच संस्था, आणि चाळीस हजारांहून अधिक बहिणी तिच्या भागीदार आहेत.

देणगीला त्या इतक्या का भ्याल्या? माझ्या समजुतीप्रमाणे, देणगी आली की तोटा कोणाच्याच अंगाला लागत नाही. डाळ चार पैसे महाग घेतली तरी विचारणारे कोणी नसते. आणि देणाऱ्याने उद्या सहज म्हटले की आमच्या अमक्या सुनेला प्रमुख करा, तर नाही म्हणायला आपली जीभ उचलत नाही.

त्यांनी आरंभी दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी सांगितले की एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख लिहा. म्हणून तेथे पीठ संस्थेत एकाच मापाने मळले जाते. बहिणी ते घरी नेऊन लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड परत आणतात, ते तपासून, तोलून घेतले जातात आणि मजुरी हातात पडते.

आपल्याला ह्याची हुबेहूब नक्कल करता येणार नाही. उडदाचे पीठ डब्यातून घरी नेता येते. बिबड्यांचा घाटा मात्र गरम असतानाच कापडावर थापावा लागतो. तेव्हा बिबड्यांना पहाटे एका गच्चीवर जमणे आलेच. जिच्या पदरी तान्हे मूल आहे किंवा घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तिला पापड द्यावेत. जिला सकाळची सवड आहे तिने बिबड्यांना यावे. तीळ, मिरची, लसूण ह्यांचे माप मात्र एकच. (प्रत्येकीच्या सासूबाईंची पद्धत सर्वांत चांगली, हे मला मान्य आहे!)

किंमत ठरवताना आपल्या बायकांचा हिशेब डाळीपासून सुरू होतो आणि हिंगापाशी संपतो. सरपण, पिशव्या, दळणाचे पैसे, मोडका माल हे कोणी धरत नाही, आणि स्वतःची मजुरी तर मुळीच नाही. मजुरी न धरता ठरवलेल्या भावात नफा दिसतो खरा, पण तो आपल्याच पाठीच्या कण्यातून काढलेला असतो. उधारीचेही तसेच. आग्रा रोडवरचा दुकानदार गोड बोलून म्हणेल, खपले की पैसे देतो. डाळीचा व्यापारी मात्र रोख मागेल. मधल्या महिन्यात लाटणारीला काय द्यायचे? आपल्यातल्या निदान पाच-सहा जणींची संध्याकाळची चूल त्या मजुरीवरच पेटणार आहे.

पावसाचे म्हणाल, तर मुंबईच्या त्या भगिनींना पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. आपल्याकडे वैशाखात उन्हाला तोटा नाही. आपल्याला उणीव आहे ती कोरड्या खोलीची आणि घट्ट झाकणाच्या डब्यांची, तेव्हा पहिला खर्च त्यावर व्हावा.

माझी ठरावाला दुरुस्ती अशी आहे. सद्गृहस्थांचे आभार मानून त्यांचे पैसे कर्जाऊ घ्यावेत आणि दोन वर्षांत फेडण्याचे लिहून द्यावे. मजुरी माल तोलताच रोख द्यावी. उरलेला नफा किंवा तोटा सर्व काम करणाऱ्यांत सारखा वाटावा, मग गच्ची कोणाचीही असो. जमाखर्चाची वही दर महिन्याच्या सभेत मोठ्याने वाचावी, म्हणजे ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही ती कळेल. अध्यक्षबाईंनी ही दुरुस्ती आजच मताला टाकावी, अशी माझी विनंती आहे.