पहिल्या पदवीनंतरची वाट

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त नोएडा येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



बारावीचा निकाल लागतो. घरातील मुलगी म्हणते, ‘मला समाजशास्त्र शिकायचे आहे.’ क्षणभर कोणी बोलत नाही; मग कोणीतरी विचारते, ‘ते ठीक आहे, पण पुढे काय?’ नोएडातील मराठी घरांना हे दृश्य अपरिचित नसावे. अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकाच्या पदवीला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण त्या पदवीच्या नावातच व्यवसाय सांगितलेला असतो. कला शाखेची पदवी असे काही सांगत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना कोत्या मनाचे ठरवणे अन्यायाचे होईल. नोकरीनिमित्त महाराष्ट्र सोडून यमुनेच्या काठी आलेल्या कुटुंबापाशी येथे शेत नाही, वडिलार्जित घर नाही, अडीअडचणीला धावून येणारे भाऊबंदही नाहीत. घराचे हप्ते फेडता फेडता मुलांचे शिक्षण हाच त्यांच्या भविष्याचा आधार असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सुभाषितांनी नव्हे, तर उदाहरणांनी द्यायला हवे. तशी उदाहरणे मराठी समाजाच्या इतिहासातच आहेत.

मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. त्यांनी संस्कृत घेऊन बी.ए. केले आणि १९१८ मध्ये एम.ए. झाले. संस्कृतच्या पदवीधराने शाळा-कॉलेजात अध्यापन करावे, ही त्या काळची सरळ वाट. परंतु मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा घेतली. त्यांचे संस्कृत वाया गेले नाही. प्राचीन ग्रंथांचे वाचन हेच त्यांच्या जातिविषयक संशोधनाचे बळ ठरले. त्यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास यांनी १९५९ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र विभाग उभा केला. यमुनेपलीकडच्या ज्या विभागात आपली मुले आज प्रवेश मागतात, त्याचा एक धागा असा मालवणपर्यंत पोहोचतो.

घुर्ये यांच्याच दुसऱ्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी, १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठाची समाजशास्त्रातील एम.ए. आणि १९३० मध्ये बर्लिनची मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. त्यांच्या जर्मनीला जाण्यास सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची संमती नव्हती. पती दिनकरराव मात्र ठाम राहिले. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन हा प्रवास घडला. डॉक्टरेटनंतरही मनाजोगते काम लगेच मिळाले नाही. काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात प्रशासकीय काम केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या रुजू झाल्या १९३९ मध्ये. म्हणजे डॉक्टरेट आणि संशोधनाचे कायमचे स्थान यांत नऊ वर्षांचे अंतर पडले. आजच्या हिशेबाने त्या नऊ वर्षांत कितीजणांनी त्यांचे शिक्षण फुकट गेले म्हटले असते!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही एल्फिन्स्टनचेच पदवीधर. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून कोलंबिया विद्यापीठ गाठता आले. तेथे अर्थशास्त्राबरोबरच समाजशास्त्र, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा त्यांनी अभ्यास केला. पुढे लंडनला नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. त्या बचतीला छत्रपती शाहू महाराजांचे साह्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज यांची जोड मिळाली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. राज्यघटनेच्या शिल्पकाराचे शिक्षणही पैशाअभावी एकदा थांबले होते.

ही माणसे असामान्य होती, आपली मुले सामान्य आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. तो अर्धाच खरा आहे. त्यांची बुद्धी असामान्य होती; त्यांच्या अडचणी मात्र अगदी आपल्या घरातल्या होत्या. पैसा पुरला नाही, घरातून संमती मिळाली नाही, मधली वर्षे रिकामी वाटली. प्रत्येकाच्या वाटेत एक वळण असे आले की, तेथे त्याची स्वतःची बुद्धी पुरेशी नव्हती. विद्यापीठ, संस्थानिक, पती किंवा मित्र यांपैकी कोणीतरी हात द्यावा लागला. कला शाखेची पहिली पदवी पाया घालते आणि व्यवसायाची दिशा बहुधा दुसऱ्या टप्प्यावर ठरते. म्हणून खरा प्रश्न ‘कोणता विषय घेतला’ हा नसून ‘दुसऱ्या टप्प्याची तयारी कोण आणि केव्हा करणार’ हा आहे.

आज ही तयारी पूर्वीपेक्षा सुकर आहे. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षांनंतरही पदवी घेऊन बाहेर पडता येते. दादरीचे शिव नाडर विद्यापीठ आणि सोनिपतचे अशोका विद्यापीठ येथे मुख्य विषयाबरोबर अन्य शाखांचे विषय घेता येतात. तेथील शुल्क मात्र मोठे आहे, म्हणून आर्थिक साह्याची चौकशी अर्ज करतानाच करावी. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तीन वर्षांची एलएल.बी., व्यवस्थापनाची कॅट परीक्षा आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा खुली असते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. अमेरिकेत एम.ए.चा खर्च बहुधा स्वतः करावा लागतो, पीएच.डी.ला मात्र अनेक विद्यापीठे शुल्क माफ करून विद्यावेतन देतात. हा फरक ठाऊक नसल्याने अनेक घरे अकारण कर्जात पडतात.

एक सावधगिरीही सांगणे अगत्याचे आहे. अकरावीत ‘कलेला गणित कशाला’ म्हणून गणित सोडले, तर दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्र ऑनर्सचे दार तेथेच बंद होते. वाटा अनेक असल्या, तरी काही दारे वेळेवरच उघडी असतात.

माजी विद्यार्थ्यांनी या निमित्ताने एवढे मनावर घ्यावे. आपल्यांपैकी कोणी न्यायालयात, कोणी वृत्तपत्रात, कोणी विद्यापीठात, कोणी शासनात आहे. आपण कसे शिकलो, कोठे चुकलो, पैसे कोठून आणले, हे शाळेतील एखाद्या मुलीला तासभर बसून सांगावे. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा वाचून द्यावा. सयाजीरावांचे ऐश्वर्य आपल्यापाशी नसेल, पण दिनकररावांचा ठामपणा कोणत्याही घराला परवडण्याजोगा आहे.

मग पुढच्या वर्षी निकालाच्या दिवशी घरात तोच प्रश्न विचारला जाईल, ‘पुढे काय?’ तो अवश्य विचारावा. फक्त त्याचे उत्तर शोधण्याचे काम त्या अठरा वर्षांच्या मुलीवर एकटीवर सोडू नये.