सोंग आणि सचोटी

सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. सचोटीचे सोंग मात्र सर्रास आणले जाते, आणि पुष्कळदा ते खपूनही जाते. नट तर सोंगावरच जगतो. आपण जे नाही ते आहोत असे दाखविणे, हाच त्याचा व्यवसाय. अशा व्यवसायापासून सचोटीचा धडा कसा मिळावा, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. तिचे उत्तर रायपूरच्या एका रंगकर्मीच्या कारकिर्दीत सापडते.

हबीब तन्वीर यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपुरात झाला. रायपूर तेव्हा मध्यप्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. साहजिकच शाळेनंतर ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पुढे मुंबई आणि दिल्ली झाली. १९५५ साली लंडनला जाऊन त्यांनी नाट्यशिक्षण घेतले आणि नंतर बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या नाटकांचे प्रयोग पाहिले. परत आल्यावर १९५८ साली त्यांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हिंदीत रंगभूमीवर आणले. देवलांमुळे मराठी रसिकांच्या परिचयाच्या असलेल्या या नाटकासाठी त्यांनी छत्तीसगडमधील सहा लोककलावंत निवडले होते.

हे कलावंत ‘नाचा’ या लोकनाट्यात मुरलेले होते. नाचा आपल्या तमाशाची आठवण करून देतो. गाणे, नृत्य आणि हजरजबाबी विनोद यांच्या बळावर तो गावच्या मैदानात रात्रभर रंगतो. परंतु तेथे सहस्र डोळ्यांना खिळवून ठेवणारे हे नट शहरी रंगमंचावर अवघडून गेले. असे का व्हावे, याचा उलगडा तन्वीरांना होण्यास कित्येक वर्षे लागली. पुढे त्यांनी तो मोकळेपणाने सांगितलाही. हे नट आपली छत्तीसगडी सोडून हिंदीत बोलत होते. आणि दिग्दर्शकाने आखून दिलेल्या जागांवर उभे राहत होते. एकही शब्द चुकत नव्हता, तरी सारे खोटे वाटत होते. १९७३ साली रायपुरात नाचा कलावंतांची कार्यशाळा भरली. तेथे त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या चालीने खेळू दिले, आणि तीच माणसे फुलून आली.

येथे पहिला धडा मिळतो. असत्य बोलल्यानेच माणूस खोटा होतो असे नाही. उसनी भाषा आणि उसना आव यांनीही तो खोटा होतो. सभेत एक भाषा, कचेरीत दुसरी आणि घरी तिसरी बोलणाऱ्या गृहस्थाचे एकेक वाक्य निर्दोष असेल. पण त्यातले त्याचे स्वतःचे कोणते, हे त्यालाही सांगता येणार नाही.

दुसरा धडा त्याहून कठीण आहे. १९७५ साली तन्वीरांचे ‘चरणदास चोर’ रंगभूमीवर आले. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेचा त्याला आधार होता. १९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात त्याला पारितोषिकही मिळाले. यातील चोर गुरूपुढे थट्टेवारीने चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला या गोष्टी कोण देऊ करणार? गुरू त्याला पाचवी शपथ घालतो, ती कधीही खोटे न बोलण्याची. पुढे तो राजाच्या खजिन्यातून फक्त पाच मोहरा चोरतो; आणखी पाच कारभारीच दाबतो व दहा चोरीला गेल्या असे सांगतो. चोर पाचच कबूल करतो आणि कारभाऱ्याचे पितळ उघडे पडते. राणी प्रसन्न होते. मग हत्ती येतो, सोन्याचे ताट येते, शेवटी राणीचा हातही पुढे येतो. तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो. निदान ही गोष्ट बाहेर बोलू नकोस, एवढेच राणी मागते. तेही वचन त्याला देता येत नाही, आणि त्याचा जीव जातो.

ही भूमिका करणाऱ्या नटाची खरी कसोटी त्या शेवटच्या नकारात आहे. तेथे त्याने हुतात्म्याचा आव आणला तर प्रसंग कोसळेल. कारण चरणदास थोर नाही. तो चोर आहे, आणि राजवाड्यात जगावे असे त्यालाही वाटत असणार. त्याच्यापाशी फक्त दिलेला शब्द आहे, तोही हसत हसत दिलेला. मोठेपणाची जाणीव न ठेवता तो नकार उच्चारणे, हे नटाला शिकावे लागते. शपथ घेताना ती फुकट असते. तिची किंमत मागितली जाते ती फार उशिरा, आणि बहुधा सन्मानाच्या रूपाने. लाच नाकारणारे पुष्कळ असतात; हत्ती नाकारणारे थोडे.

तिसरा धडा प्रयोग संपल्यावरचा. चोराचे काम करणारा रंग पुसल्यावर चोर राहत नाही, आणि राणीचे काम करणारीला राज्य मिळत नाही. नटाला हे ठाऊक असते, म्हणून त्याचे सोंग निर्मळ. अधिकाऱ्याची खुर्ची, पुढाऱ्याचे व्यासपीठ, गुरूचे आसन ही देखील सोंगेच होत. पण तेथे रंग पुसण्याची वेळ टळत जाते, आणि मग मुखवटा चेहऱ्याला चिकटतो. पडदा पडल्यावर आपल्यापाशी काय उरते, हा प्रश्न जो स्वतःला रोज विचारू शकतो, त्याने नाटकापासून सचोटीचा धडा घेतला असे म्हणावे.