सव्वा महिन्याच्या आत



अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग दवाखान्यात लेकरू जन्मलं, की भेटायला आलेल्या बायांपैकी एखादी तरी म्हणतेच, ‘त्याले काय समजते अजून!’ समजतं, पुष्कळ समजतं.

नजर कच्ची असते, हे खरं. एक-सव्वा वितीवरचं तेवढं बरं दिसतं, म्हणजे पाजायला घेतल्यावर आईचा चेहरा. कान मात्र पोटात असतानाच, सहाव्या-सातव्या महिन्यात कामाला लागलेले असतात. 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडी चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल तीच लय धरली. पुढे 2009 साली फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं तपासलं, तर फ्रेंच बाळांचा सूर चढता निघाला, जर्मन बाळांचा उतरता, आपापल्या भाषेच्या वळणानं. आमचा वऱ्हाडी हेल पोटातून ऐकत आलेलं लेकरू कोणत्या सुरात रडत असेल, याची मला भारी उत्सुकता आहे.

नाकही तयारच. सहा दिवसांच्या बाळाच्या दोन बाजूंना दुधानं भिजलेल्या दोन घड्या ठेवल्या, एक आईची, एक दुसऱ्या बाळंतिणीची, तर ते आईच्या घडीकडे जास्त वेळ तोंड वळवतं. म्हणून ओवा-वावडिंगाची धुरी देणाऱ्या आज्यांशी माझं भांडण आहे. धुरानं लेकराच्या छातीला त्रास होतो, आणि त्याच्या ओळखीचा तो वासही झाकला जातो.

आणि दुखणं? मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की काही ठिकाणी अजून तापल्या विळ्यानं पोटावर चटके देतात. त्याला ‘डंबा’ म्हणतात. धारणी-चिखलदऱ्याकडून तशी बातमी आली की आपण शहरातली माणसं अडाणीपणाच्या नावानं बोटं मोडतो. पण शिकलेल्यांचंही ऐका. 1980च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतल्या बड्या दवाखान्यांतही नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. कधी कधी तर फक्त हातपाय हलू नयेत एवढंच औषध. मज्जातंतू पक्के नाहीत, तेव्हा दुखत नसणार, असं शास्त्र सांगायचं! इंदूरला डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी 1987 साली दाखवून दिलं, की नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. डंबा देणाऱ्याला लेकरू कळवळतंय हे निदान दिसतं तरी. डॉक्टरांना तेही कबूल नव्हतं. हाल मात्र दोन्हीकडे लेकराचेच.

आता तुमच्या हातातली गोष्ट सांगतो. जन्मल्याबरोबर बीसीजीची आणि काविळीची लस टोचतात. टोचताना लेकरू अंगावर पीत असेल, तर त्याला कमी दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2015 साली लसीकरणासाठी हेच सुचवलं आहे. वॉर्डात गर्दी असते, सिस्टरला घाई असते, बाळंतीण तर बोलायच्या स्थितीत नसते. अशा वेळी, ‘थांबा सिस्टर, त्याले आधी पाजाले घेऊ द्या,’ असं सोबतच्या आजीनं बिनधास्त म्हणावं.