रिकाम्या कबरीनंतर
येशूची कबर रिकामी सापडली, एवढ्यावर ख्रिस्ती श्रद्धा उभी राहिली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीयेला वाटते, प्रभूला कुणीतरी उचलून नेले. समोरच्या येशूलाही ती माळी समजते. त्याने नावाने हाक मारल्यावरच ती त्याला ओळखते. विश्वास जन्मला तो येशूच्या दर्शनांतून. इ. स. 55 च्या सुमारास पौल करिंथकरांना लिहिताना पेत्र, याकोब, पाचशेहून अधिक बंधू अशी या दर्शनांच्या साक्षीदारांची यादीच देतो, आणि त्या पाचशेंतले बहुतेक अजून हयात आहेत, असे बजावतो. ही दर्शने म्हणजे शोकाकुल मनाचे भास होते, असा आक्षेप घेतला जातो. शिष्य पेत्राबाबत तो एकवेळ समजू शकतो. पण स्वतःलाही दर्शन झाल्याचे सांगणारा पौल शोकात नव्हता, तो तर ख्रिस्ती मंडळीचा छळ करत होता. इतिहासाच्या साधनांनी पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे खरेच. मात्र छळ करणाराच प्रचारक का झाला, याचे पौलाने स्वतः दिलेले कारण दर्शन हेच आहे.